जरा दम खातो

आमच्या व्याह्यांना चालताना, पळताना, बैठका मारताना पाहिलेली माणसं वाशीम जिल्ह्यात ठिकठिकाणी सापडतील. मात्र त्यांना स्वस्थ बसलेलं पाहिलेला माणूस बहुधा मी एकटाच, आणि खरं सांगतो, ते दृश्य माझ्या वाट्याला आलं नसतं तर फार बरं झालं असतं. माझ्या लेकीचे हे सासरे. अनसिंगला त्यांची बागायत आहे. वांगी, मिरच्या, टमाटे, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर, असं काही ना काही बारा महिने वावरात उभं असतं आणि मालकही बारा महिने उभाच असतो. वऱ्हाडात व्याह्याला इवाई म्हणतात. हा आमचा इवाई साठीच्या पुढचा, पण अंगाने काटक, पोट पाठीला लागलेलं, आणि दोन्ही पाय कायम कुठेतरी निघालेले. त्यांच्या मते जगात आजार एकच आहे, डॉक्टरांनी उगाच त्याची वेगवेगळी नावं ठेवली. "आजार म्हंजे बसलेलं रगत," ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले. "मानूस बसला का रगत बसते. रगत बसलं का मानूस आडवा होते. सोपं हाय."

हे रगत बसू नये म्हणून चाललेला त्यांचा आटापिटा पाहण्यासारखा होता. भाजीचा टेम्पो वाशीमच्या बाजाराला निघाला की हे फाट्यापर्यंत त्याच्या मागे पळत जात. का, तर टेम्पोला निरोप द्यायला. कामरगावला आमच्याकडे यायचं तर गावाच्या किती आधी उतरायचं हे कंडक्टरलाही कळत नसे. भर रानात घंटी मारायला लावून हे उतरत आणि बसच्या धुरळ्यातून आमच्या दारापर्यंत पायी येत. वांग्यांना पाणी सोडलं की वाफा भरेपर्यंत बांधावर बैठका. फोन आला की उठून चालायला सुरुवात. त्यांनी वावरातून लावलेला फोन संपेस्तोवर ते गावात पोचलेले असत आणि पुष्कळदा ज्याला फोन लावला त्याच्याच दारात उभे असत. मुलगी पाहायला आले तेव्हा सगळे पाहुणे सतरंजीवर मांडी घालून बसले होते आणि हे एकटे आमच्या ओसरीत येरझारा घालत होते. माझ्या बायकोला वाटलं, माणसाला स्थळ पसंत नसावं. लेक चहा घेऊन आली. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, यातलं काही न विचारता हे थांबले आणि म्हणाले, "पोरी, पयता येते का?" पळता येतं का, असं विचारत होते. लेक माझीच. ती म्हणाली, "बस सुटून राह्यली असली तं येते." यांनी मांडीवर थाप मारली आणि "पसंत!" म्हणून मोकळे झाले. जावईबापूंनी तोवर तिच्याकडे धड पाहिलंही नव्हतं.

माझं कामरगावात कापडाचं छोटं दुकान आहे. म्हणजे माझा जन्म गादीवर बसून गेला. हातापायांना जे काम पडलं नाही ते सगळं पोटाने करून दाखवलं आणि ते चांगलं वाढलं. व्याह्यांना माझं पोट पाहवत नसे. येता क्षणी ते माझा हात धरून मला गादीवरून ओढून उठवत आणि म्हणत, "उठा इवाई. तुमी बसल्या बसल्या जासान एक दिवस, मंग माह्या सुनेले कोन समजावन?" गिऱ्हाइकासमोर हा तमाशा होई. मी चिडत असे, आणि ते गेले की दोन दिवस चुकल्याचुकल्यासारखंही वाटत असे. असल्या माणसाचं करायचं काय!

आता या निरोगी माणसाच्या अंगाला एकच गालबोट होतं आणि ते खरोखर गालातच होतं. पळून झालं, बैठका झाल्या की ते एखाद्या झाडाखाली उभे राहत आणि म्हणत, "जरा दम खातो." बाकीची दुनिया दम लागला की नुसता दम खाते, आमचे व्याही दमाबरोबर खर्रा खात. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून ते तळहाताखाली घोट घोट घोटत, त्यातही मनगटाला व्यायाम होतो म्हणत, आणि मग तो तोबरा गालात लावून पुढच्या फेरीला निघत. घरात हा शब्द इतका रुळला होता की विहीणबाई दुकानातून पुडी आणायला सांगतानाही "यायचा दम संपला, घेऊन या बरं," असं म्हणत. मी एकदा भीत भीत म्हणालो, "इवाई, एवढा व्यायाम करता, मंग हे काहून?" ते हसले. "इकून टाकतो अन् तिकून घाम काढतो. तंबाखू घामासंगं निंगून जाते. वास घेऊन पाहा माह्या बंडीचा." मी वास घेतला. बंडीला खरोखरच तंबाखूचा वास येत होता, त्यामुळे मला पुढे बोलता येईना.

पुढे पुढे तर त्यांना विज्ञानाचाच आधार सापडला. मोबाइलवर कोणी एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात एक डॉक्टर बाई शांतपणे सांगत होत्या की, नियमित व्यायाम करणाऱ्या लोकांत तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका काहीसा कमी दिसतो. हे वाक्य संपून बाई म्हणत, "पण..." आणि नेमक्या तिथे आमच्या व्याह्यांचा अंगठा पडत असे. मला त्यांनी तो व्हिडिओ दुकानात दाखवला, आमच्या घरी दाखवला, लग्नाच्या मांडवात दाखवला. प्रत्येक वेळी बाई 'पण' म्हणायच्या आणि अंगठा पडायचा. "आयकलं ना? डॉक्टर सोता सांगून राह्यली." त्या पणच्या पुढे काय होतं ते अख्ख्या अनसिंगात कोणी ऐकलं नव्हतं. आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचो.

हसणं थांबलं ते नातीच्या बारशाला. पहिलं बाळंतपण आमच्याकडे होतं, बारसंही कामरगावलाच झालं. नाव ठेवून झालं, पाळणा म्हणून झाला, आणि बायकांनी गलका केला की आता दोन्ही आजोबांनी एकमेकांना पेढा भरवावा. आमच्याकडे ही पद्धत आहे. पेढा अख्खा भरवायचा, अर्धा चालत नाही, आणि समोरच्याचा जीव गुदमरला तर बायकांना जास्त आनंद होतो. त्यांनी माझ्या तोंडात पेढा कोंबला, तो कुठे गेला मला कळलंही नाही. मग मी भरवायला गेलो. पेढा त्यांच्या ओठांतून आत शिरला आणि दातांवर अडला. मला वाटलं, थट्टा करताहेत. मी जरा जोर लावला. माझ्या बोटांना त्यांचे वरचे आणि खालचे दात एकदमच लागले आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तोंड उघडतच नव्हतं. त्यांनी झटक्यात मान फिरवली, पेढा हातात घेतला, त्याचा कोपरा कुरतडला आणि म्हणाले, "इवाई, पेढा भल्ला मोठा आनला." बायका खो खो हसल्या. पेढा नेहमीचाच होता.

जेवायला बसलो, म्हणजे आम्ही बसलो आणि ते ताट घेऊन फिरू लागले, तेव्हा मी त्यांच्यावरून नजर हलवली नाही. हा माणूस स्वतःच्या वावरातल्या हिरव्या मिरच्या शेंगदाण्यांसारख्या खाणारा. त्या दिवशी ठेच्याला त्यांनी बोट लावलं नाही. पुरीचे नखाएवढे तुकडे करून ते ओठांच्या फटीतून आत सरकवत होते आणि वरणाबरोबर गिळत होते. कोणी विचारलं तर म्हणत, "बारीक घास घ्यावा. तब्येतीले चांगलं असते." मी रात्री बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "पोरीचं घर हाय ते. तुमी त्यायच्या तोंडाबद्दल आपलं तोंड उघडू नका. इवायाले कोनी असं बोलते का?" ती चूक नव्हती. व्याह्याशी थट्टा हवी तेवढी करता येते, त्याला खरं एक वाक्य सांगायचं तर जीभ जड होते. शिवाय व्याही रागावले तर तो राग माझ्या दुकानात नाही, लेकीच्या स्वयंपाकघरात उतरणार. मी गप्प बसायचं ठरवलं, आणि मला झोप येईना.

लेक सासरी गेली आणि तिने फोनवर सहज म्हणून जे सांगितलं त्याने माझ्या तोंडचं पाणी पळालं. मामाजी आता चहा पार थंड करून पितात. भाकरी दुधात कुस्करतात. दात घासायला घरात थांबत नाहीत, वावरात जाऊन घासतात. आणि बाबा, हल्ली ते सकाळीही पळतात आणि संध्याकाळीही पळतात. आल्यावर कोणाशी बोलत नाहीत. बडबड्या माणूस बोलत नाही म्हटल्यावर मी दुकानाला कुलूप लावलं आणि अनसिंगची वाट धरली.

ते वावरात मिरचीच्या सरींत उभे होते. मला पाहून नेहमीसारखे धावत आले नाहीत. मी वाटेत पुष्कळ गोड प्रस्तावना जुळवली होती, ती सगळी विसरलो आणि सरळ म्हणालो, "इवाई, तोंड उघडा."

"काहून? पेढा आनला का?"

"तोंड उघडा. नाईतं वाशीमले डॉक्टरकडे चाला माह्यासंगं. आत्ता."

असं मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मला वाटलं, गेलं, लेकीच्या घराला काडी लावली मी. मग त्यांची नजर माझ्या पोटावर आली आणि तिथे जरा चमक आली. "चालतो," ते म्हणाले. "पन काळीपिवळीत बसून नाई. पायी जाईन. अन् तुमी संगं चालसान. मधात बसले, तं मी वापस."

अनसिंगहून वाशीम म्हणजे काळीपिवळी जीपमध्ये बसून गेलं तरी कंबर धरते. मी घरापासून दुकानापर्यंत चालणारा माणूस. त्यांना पक्कं ठाऊक होतं की मी नाही म्हणणार. मी चपलेचा अंगठा नीट केला आणि म्हणालो, "चाला."

त्या रस्त्यावरच्या लोकांनी ही वरात पाहिली असेल. पुढे एक काटकुळा म्हातारा, मागे एक गोल माणूस, दोघांतलं अंतर वाढत चाललेलं. दिवस थंडीचे होते, दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या, आणि माझ्या सदऱ्यातून घाम निथळत होता. माझ्या बंडीला कसला वास येत असेल असं एकदा मनात आलं. सुरुवातीला ते मागे वळून टोमणे मारत होते. "इवाई, पोट मांगं ठेवून या, हलकं होईन!" मग टोमणे कमी झाले. मग ते वळून पाहीनासेच झाले. मला पायांपेक्षा त्या गप्प बसण्याचं भय वाटायला लागलं. नाल्यावरच्या एका रपट्यापाशी ते थांबले, मी कसाबसा पोचलो, आणि त्यांनी सवयीने खिशातून पन्नी काढली. "जरा दम..." म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. पन्नी तशीच मुठीत राहिली.

"इवाई, मले मालूम हाय," ते म्हणाले.

मी श्वास घेत उभा होतो. मला बोलता येत नव्हतं, आणि तेच बरं होतं.

"गालात फोड हाय. पोळा गेला तवापासून. बरीच नाई होऊन राह्यली. दात घासले का रगत येते. म्हनून तं वावरात घासतो." त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "फोड दिसली तवापासून मी डबल पयून राह्यलो. पहाटं बी, सांजी बी. मले वाटलं, घाम आनखी काढला का निंगून जाईन. खर्रा बी कमी केला. पन निंगून नाई राह्यलं ना ते." आणि एकदम त्यांचा आवाज बदलला. "थोडं आनखी पयलो का जाईन. डॉक्टरनं तोंडात पाह्यलं का मंग ते हायच असं होते. चला, वापस."

आणि ते खरंच वळले. अनसिंगच्या दिशेने झपाझप निघाले. त्यांना गाठणं माझ्या बापजन्मात शक्य नव्हतं. मी हाक मारली तर आवाज फुटेना. छातीत धडधडत होतं, डोळ्यांपुढे तुरी हलायला लागल्या, आणि मी रस्त्याच्या कडेला फतकल मारली. यातला पहिला अर्धा भाग अगदी खरा होता. उरलेला अर्धा मला बसल्यावर सुचला. मी छातीवर हात दाबला आणि आडवा झालो.

पावलांचा आवाज थांबला. मग पळत पळत जवळ आला. "इवाई! ओ इवाई! अरे देवा, म्या मारलं यायले!" त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं, आपल्या धोतराच्या सोग्याने माझा घाम पुसला, आणि आयुष्यात ज्या काळीपिवळ्यांकडे तुच्छतेने पाहिलं त्यांतल्या एकीसमोर दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. गाडीत मला मधल्या सीटवर आडवं घातलं. त्यांना बसायला जागा होती. ते वाकून, माझा हात धरून, दारात लटकत वाशीमपर्यंत आले. वाटेत मी एक डोळा किलकिला करून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची भीती पाहून मला उठून खरं सांगावंसं वाटलं. मी डोळा मिटून घेतला.

दवाखान्यात मला तपासलं. रक्तदाब जरा वाढला होता, बाकी मी ठणठणीत होतो. मी टेबलावर उठून बसलो आणि डॉक्टर बाईंना म्हणालो, "माझं राहू द्या. यांचं तोंड बघा." व्याही माझ्याकडे पाहतच राहिले. शिवी त्यांच्या ओठांपर्यंत आली असावी, पण ओठांच्या फटीतून तेवढी मोठी शिवी बाहेर पडणार कशी! ते दाराकडे सरकले. मी दारात जाऊन उभा राहिलो. माझ्या पोटाचा जन्मात पहिल्यांदा काही उपयोग झाला.

बाई तरुण होत्या आणि शांत होत्या. त्या म्हणाल्या, "काका, तुमची तीन बोटं अशी उभी तोंडात घालून दाखवा." व्याह्यांनी आधी त्यांना तिथेच बैठका मारून दाखवल्या. बाईंनी त्या होऊ दिल्या. मग पुन्हा म्हणाल्या, "आता बोटं." व्याह्यांनी बोटं लावली. एक बोट गेलं. दुसरं अडकलं. ते म्हणाले, "कास्तकाराचे बोटं हायेत बाई, जाड असतात. ह्यायचे घ्या," आणि माझा हात ओढला. मला हसू आलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी बॅटरी लावून जेवढं दिसत होतं तेवढं पाहिलं, फार वेळ पाहिलं, बोटाने गाल आतून चाचपला, मानेखाली दाबून पाहिलं, आणि जखमेचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला.

रिपोर्ट घ्यायला आम्ही तिघे गेलो, व्याही, जावई आणि मी. आधीचे दिवस कसे गेले ते मला सांगता येणार नाही. मी दुकानात एका बाईला परकराच्या कापडाऐवजी टॉवेल फाडून दिला एवढं आठवतं. बाईंनी कागद वाचला आणि आडवळणं न घेता सांगितलं, "काका, कॅन्सर आहे. पसरलेला दिसत नाही. ऑपरेशन करावं लागेल, नागपूरला."

"मी तं रोज पयतो," व्याही म्हणाले.

"त्याचा फायदा आहेच. तुमचं हृदय, छाती चांगली आहे, एवढं मोठं ऑपरेशन तुम्हाला झेपेल. व्यायाम करणाऱ्यांना हा धोका थोडा कमी असतो, तेही खरं आहे. पण..."

व्याह्यांचा अंगठा उचलला गेला. मी पाहिला. टेबलाच्या कडेवर, मोबाइल नव्हता तिथे, तो अंगठा दाबला गेला.

"पण तंबाखू-सुपारी रोज गालात धरली," बाई म्हणाल्या, "तर कितीही पळालात तरी ते भरून निघत नाही. ते घामातून जात नाही, काका. ते तिथेच राहतं."

जावई कागदांच्या खिडकीपाशी गेले. आम्ही दोघे बाहेर आलो. भिंतीला लागून एक बाकडं होतं. आमचे व्याही त्या बाकड्यावर बसले. टेकून, हात मांडीवर ठेवून, पाय न हलवता, बसले. मी इतक्या वर्षांत त्यांना असं पाहिलं नव्हतं, मला ते दुसरंच कोणी वाटले. त्यांनी खिशातली पन्नी काढली, पाहिली, आणि माझ्या हातात दिली, लहान मूल चोरलेली वस्तू परत करतं तशी. मग म्हणाले, "इवाई, रगत बसलं वाटते."

मला रडू येत होतं आणि त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं. मी त्यांचा हात धरला आणि ते मला गादीवरून उठवत तसा ओढला. म्हणालो, "उठा इवाई. बसल्या बसल्या जासान एक दिवस." ते उठले.

ऑपरेशन नागपूरला झालं. सकाळी आत नेलं आणि दिवे लागले तरी बाहेर आणलं नाही. मी आणि जावई दवाखान्याच्या व्हरांड्यात आलटून पालटून फेऱ्या घालत होतो, बसवतच नव्हतं. गाल काढला, जबड्याचा तुकडा काढला, आणि मांडीचं कातडं-मांस घेऊन नवा गाल बसवला. डॉक्टर म्हणाले, मांडी छान निघाली. इतक्या वर्षांच्या बैठका शेवटी तोंडात कामी आल्या. हे मी त्यांना शुद्धीवर आल्यावर सांगितलं. नाकात नळी, गळ्याला भोक, चेहरा सुजून भोपळा झालेला, अशा अवस्थेत त्यांनी पाटी मागून घेतली आणि वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, 'आता गाल बी बैठका मारन.' विहीणबाई तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या.

त्यानंतर कॅन्सरसाठी किरणांचा शेक घेणं झालं, आणि त्यातून उठल्यावर त्यांना नवा व्यायाम लागला, तो तोंडाचा. लाकडाच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, जबडा जरा उघडला की आणखी एक सरकवायची. दुखतं फार. सगळ्या अंगाला पळवणारा हा माणूस, एका जबड्याला पळवताना घामाघूम होतो. वांग्याच्या बांधावर उभे राहून ते काड्या लावतात, डोळ्यांतून पाणी गळतं, आणि काड्या काढल्यावर अजूनही सवयीने म्हणतात, "जरा दम खातो." आणि खरोखर नुसता दम खातात. मग रिकामा तळहात दुसऱ्या हाताने थोडा वेळ घोटतात. ते त्यांना कळतं की नाही, मला माहीत नाही. मी कधी विचारलेलं नाही. त्या व्हिडिओचं म्हणाल तर तो ते अजून दाखवतात. पहिला भाग अंगठ्याने पुढे ढकलतात आणि बाई 'पण' म्हणतात तिथून सुरू करतात. आपलं बोलणं लोकांना नीट कळत नाही म्हणून बाईंना बोलू देतात, आणि समोरचा खर्रा घोटत असला तर त्याच्या अंगठ्याकडे पाहत उभे राहतात.

नातीच्या पहिल्या वाढदिवसाला अनसिंगला पेढे आणले. यंदा गलका करायचा धीर कोणालाच झाला नाही. व्याही स्वतःच पुढे आले. त्यांनी माझ्या तोंडात अख्खा पेढा कोंबला, रीतसर, जीव गुदमरेल असा. मग माझ्यासमोर उभे राहिले आणि जमेल तेवढा जबडा उघडला. मी चिमटीत पेढ्याचा कण घेतला. कण आत गेला. ते डोळे मिटून कितीतरी वेळ तो चघळत राहिले, त्याच बाजूला, जिथे पूर्वी तोबरा असायचा. नात टाळ्या वाजवत होती. "ओड हाय," ते म्हणाले. ग त्यांना अजून येत नाही.

अजून तपासण्या चालू आहेत. डॉक्टर म्हणतात, आणखी काही काळ सावध राहायचं. त्याचा अर्थ आम्हा सगळ्यांना कळतो आणि कोणी बोलून दाखवत नाही. रोज उजाडता उजाडता त्यांचा फोन येतो. पूर्वी फोनवर त्यांची टकळी थांबत नसे, आता ते एक शब्द बोलत नाहीत. आपलं बोबडं बोलणं त्यांना फोनवर नको असतं. पलीकडून नुसती पावलं ऐकू येतात, बांधावरच्या मातीत पडणारी, आणि त्यांचा श्वास. मी फोन सदऱ्याच्या खिशात ठेवतो आणि कामरगावच्या रस्त्याने चालायला लागतो. पावलं थांबली की मी समजतो, दम खाताहेत, आणि मीही थांबतो.

परवा फोन आला नाही. मी चपला घालून अंगणात उभा राहिलो. उजाडलं, शेजाऱ्यांचं दूध आलं, पहिली बस गेली. बायको दारात येऊन म्हणाली, "पोरीले लावून पाहा ना." मला लावायचं धाडस होईना. मी फोन हातात धरून तसाच उभा. मग तो वाजला. मी कानाला लावला. श्वास फार जोरात चालला होता, पावलं भराभर पडत होती, आणि कितीतरी दिवसांनी तिकडून एक शब्द आला. नीट नव्हता, ओठ त्याला पुरले नव्हते. तरी मला कळला. पयत होतो, म्हणत होते.

मी फोन खिशात ठेवला आणि चालायला लागलो.